दादाच्या अंगणात ऑइल बघताना

गाडीचं ऑइल बघायला काय अक्कल लागते, असं मी बरीच वर्षं समजत होतो. बोनट उघडायचं, ऑइल मोजायची काडी ओढायची, बघायचं, झालं. कळमनुरीच्या बाजाराला आणि वारंगा फाट्याला जीपमधून माणसं नेता-आणता माझी अर्धी हयात गेली, मला कोण शिकवणार? ही माझी घमेंड होती. तिची शिक्षा मात्र माझ्या आईला झाली.

ऑइल खरं बघायचं तर इंजिन गार हवं, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरून बसतं. काडी पहिल्यांदा काढली की ती खरं सांगत नाही, तिच्यावर ऑइल वरपर्यंत माखलेलं असतं. ती फडक्यानं पुसायची, पुन्हा पार आत घालायची, मग काढायची आणि दोन खुणांच्या मधे ऑइल कुठं आलंय ते बघायचं. हे सगळं मी करायचो. एकच गोष्ट कधी मनावर घेतली नाही. गाडी सपाट जागेवर उभी पाहिजे. माझं अंगण रस्त्याकडं चांगलंच उतरतं. जीप तिथं नाकावर उभी राहायची, ऑइल पुढं गोळा व्हायचं आणि आत कमी असलं तरी काडी रोज वरच्या खुणेपर्यंत भिजून निघायची. मी आपला खूश.

सपाट अंगण शेजारी होतं, दादाचं. आमची दोन घरं एका भिंतीची. दादा थोरला, महादेवाच्या देवळाची पूजा त्याच्याकडं. त्याच्या अंगणात आईनं हट्टानं शहाबादी फरशी घालून घेतली होती, कुरडया वाळत घालायला. फरशी बसवणारे चाचा गावातलेच, पाण्याची नळी लावून लावून त्यांनी अशी लेव्हल काढली की सांडलेलं पाणी जागच्या जागी उभं राहायचं. आई त्यांना म्हणाली, "अहो, जरा उतार तरी ठेवायचा!" चाचा म्हणाले, "तुमीच म्हणल्या ना, एकदम बराबर पायजे म्हणून. आता तकलीफ काहून करून घेता?" त्यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्याच आईला एका सकाळी छातीत धरलं. दादा देवळात होता. मी तिला मागच्या सीटवर निजवलं, वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही नांदेडच्या वाटेला लागलो. ऑइल मी सकाळीच बघितलं होतं, माझ्या अंगणात, वरच्या खुणेपर्यंत. वारंगा फाटा मागं पडला आणि समोर डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. मला वाटलं वायरिंगचं काहीतरी असेल, दामटली तशीच. थोड्या वेळानं इंजिन खडखडलं आणि जाम झालं. रस्त्याच्या कडेला पाऊण-एक तास आम्ही गाड्यांना हात करत उभे. आई आतून म्हणत होती, "लेकरा, उन्हात नको रे उभा राहू." शेवटी एक टेम्पोवाला थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातच आई वारली. डॉक्टर म्हणाले, तासाभरानं फार फरक पडला नसता. फार पडला नसता, म्हणजे थोडा तर पडला असता ना? हे त्यांना विचारायची हिंमत मला झाली नाही, अजून नाही.

दहाव्याला सगळे नदीवर जमले होते. पाव्हण्यांनी मला विचारलं, गाडीला नेमकं काय झालं? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "गाडीत ऑइल हाय का न्हाई तेवढं बघता येत न्हाई याला. आई याच्यापायी गेली."

सगळ्यांच्या देखत बोलला. माझं डोकं फिरलं. माझा राग आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी ओरडलो, "मंग तू काहून न्हाई नेलंस? देवापुढं घंटी वाजवत बसला होतास ना?"

दादाचं तोंड पांढरं पडलं. त्या दिवसापासून आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही.

इंजिन खोलून नवं सामान घातलं. मिस्त्रीनं विचारलं, "गाडी कुठं उभी करून बघता ऑइल?" मी सांगितलं, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. गाडी परत आणली आणि दुसऱ्याच सकाळी मी ती सरळ दादाच्या अंगणात घातली, फरशीवर. विचारलं नाही, काही नाही. खुन्नस होती माझी. बघ म्हणावं, बघता येतं का नाही मला ऑइल! दादा देवळातून आला, ओला पंचा, हातात तांब्या. मी बोनट जरा जास्तच जोरात उघडलं. काडी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि उजेडात धरून उभा राहिलो, त्याला दिसेल अशी. तो ओट्यावर बसला. वहिनीनं त्याला चहा दिला. मला देऊ का नको म्हणून ती दारात घोटाळली आणि आत गेली. मी गाडी काढून निघून गेलो.

असं रोज चाललं. पहिल्या दिवशी दादाची मोटारसायकल आणि बाज फरशीच्या मधोमध होत्या, मला गाडी तिरकी घालावी लागली. दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकल कडेला भिंतीशी असायची. बाजही तिथं नसायची. उन्हाळ्यात वहिनीच्या कुरडया अर्ध्या फरशीवर असायच्या, अर्धी मोकळी. माझी बायको म्हणायची, "रोज रोज काय बघून राहिले ऑइल? तोंडानं बोला ना एकदाचं!" मी तिच्यावर खेकसायचो. खरं सांगायचं तर खुन्नस पहिल्या दोन-तीन महिन्यांतच विरली होती. मग मी का जात होतो? दादा दिसावा म्हणून. त्याचे केस पांढरे होत गेले, तो चहा बशीत ओतून पिऊ लागला, हे सगळं मी बोनटच्या आडून बघितलं. रोज ठरवायचो, आज हाक मारू. रोज वाटायचं, पहिल्यांदा लागेल असं तो बोलला होता, त्यानंच आधी बोलावं. अशी पाच वर्षं गेली.

गेल्या पौषात एका सकाळी मी गाडी घालायच्या आधीच वहिनी पळत आली. "भावजी, चला! यांच्या छातीत दुखून राहिलं." दादाला मी उचलूनच आणलं. केवढासा झाला होता! मागच्या सीटवर निजवला, वहिनी डोकं मांडीवर घेऊन बसली. मी चावी फिरवणार, तोच मागून त्यानं माझा खांदा धरला आणि हातानं खूण केली, पुढं, बोनटकडं.

"हे म्हणतात, ऑइल बघा," वहिनी रडत म्हणाली.

"वहिनी, टाइम न्हाई!"

तो खांदा सोडेना. मग मी गाडी त्याच्या फरशीवर घातली, उतरलो, बोनट उघडलं. काडी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि खिडकीशी जाऊन त्याच्यापुढं धरली. दादानं डोळे बारीक करून ती बघितली, दोन्ही खुणा नीट बघितल्या.

"बराबर हाय," तो म्हणाला. "चल."

पाच वर्षांनी तो माझ्याशी बोलला होता. मी बोनट लावलं आणि स्टेअरिंगवर बसलो. मनात म्हटलं, नांदेडला पोचू, तिथं निवांत बोलू. गाडी वारंगा फाट्यावरून सुरळीत गेली, लाल दिवा लागला नाही, इंजिन कुठं अडलं नाही. दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. आत नेल्यावर त्याची शुद्ध हरपली, ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

दहावा झाला. चार दिवसांनी सवयीनं मी गाडी त्याच्या अंगणात घातली आणि एकदम लाजलो. पण फरशी झाडलेली होती आणि मोटारसायकल कडेला होती. वहिनी या खेपेला चहा घेऊन बाहेर आली.

"रोज संध्याकाळी ती मोटारसायकल तेच कडेला घ्यायचे," ती म्हणाली. "तुमची गाडी यायच्या आधी चहा प्यायचे न्हाईत. मी एकदा विचारलं, ऑइल असं रोज बघावं लागतंय का? तर म्हणले, आठ दिवसाला बघितलं तरी पुरतंय. पण येऊन राहिला ना तो, येऊ दे."

मलाही ठाऊकच होतं की, आठ दिवसाला पुरतं म्हणून. मी काडी हातात घेऊन तिथंच उभा राहिलो आणि मला रडू कोसळलं. पाच वर्षं रोज सकाळी तो ओट्यावर आणि मी दहा पावलांवर. शेवटी तो त्याचं बोलून गेला. मी त्याला नुसतं 'दादा' म्हणायचं होतं, तेही राहून गेलं.