मलप्पाचं बसणं

औशाच्या बसस्टँडसमोर मलप्पाचं गूळ-तंबाखूचं दुकान होतं. धंद्यात तो हुशार होता असं त्याचा शत्रूही म्हणणार नाही. गिऱ्हाइकाला गुळाचा एक खडा वरून द्यायचा आणि त्यावरून बायकोची, दानम्माची, बोलणी खायचा. लातूर तेव्हा नवाच जिल्हा झाला होता. जिल्हा झाला तशा पाट्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. त्या कोरड्या दिवसांतही दुकानापुढचा रांजण मलप्पानं रिकामा पडू दिला नाही. सायकलला घागरी बांधून लांबून पाणी आणायचा आणि एसटीतून उतरेल त्याला पाजायचा.

पण पाण्याला जाण्याआधी पूजा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन तो मांडी घालून बसायचा. मान खाली, पाठ वाकलेली, नजर हातावर. "भित पडली तरी हालायचा न्हाई माझा मलप्पा," असं त्याची आई शिवम्मा आल्यागेल्याला सांगायची.

त्याच उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झालं. कळ पोटातून आरपार पाठीत जायला लागली तेव्हा त्याला लातूरच्या दवाखान्यात नेलं. पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंड सुजलं होतं. हे दारूनंही होतं, असं एका शिकाऊ डॉक्टरनं सहज म्हटलं आणि शिवम्मानं त्याचे वाभाडे काढले. जन्मात थेंब न घेतलेल्या पोराबद्दल असं कोण ऐकून घेईल? तोंडानं पाणीसुद्धा बंद. अख्ख्या स्टँडाला पाणी पाजणारा माणूस आता ओठावर फिरणाऱ्या ओल्या कापसाकडे आशेनं बघत होता.

दुखण्याची इंजेक्शनं पुरेनाशी झाली. मलप्पाचं ओरडणं पार बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू यायचं. मग भूल देणाऱ्या डॉक्टर पंचशीलाबाई आल्या. "पाठीच्या मणक्यांतून बारीक नळी घालून औषध सोडते," त्या म्हणाल्या. "रोग यानं जाईल असं मी म्हणत नाही. दुखणं थांबेल, नीट श्वास घेता येईल. पण सुई जाईपर्यंत त्यांनी वाकून बसायचं. जराही हलायचं नाही."

"पाठीत सुई गेलेला मानूस उठत न्हाई," शिवम्मा म्हणाली. दानम्मानं मात्र होकारार्थी मान हलवली.

त्याला उघड्या अंगानं पलंगावर बसवलं. चौघांनी धरलं तरी तो झटके देत होता. सिस्टरनं गळ्यातला दोरा काढायला सांगितलं, तर त्यानं डबीच मुठीत आवळली. ते बघून शिवम्मा किंचाळली, "असं बसवू नगा त्याला! आमच्यात मेलेल्या मानसाला असं बसवून पुरतेत!"

डॉक्टरबाई थांबल्या. "तुम्ही सांगा," त्या दानम्माला म्हणाल्या.

सासऱ्याला खड्ड्यात तसंच, हातावर लिंग देऊन बसवलेलं दानम्मानं पाहिलं होतं. नवऱ्याला काही झालं तर सासू तिला जन्मभर क्षमा करणार नव्हती. तरी ती पुढं झाली. त्याची मूठ सोडवली, डबी उघडली आणि लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"अवं," ती हळूच म्हणाली, "पूजेला बसा."

मलप्पानं हाताकडं पाहिलं. मान खाली गेली, पाठ वाकली. धरणाऱ्यांनी हात सैल केले. सुई गेली, नळी बसली, आणि तो हलला नाही. थोड्या वेळानं त्याच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या.

"दानम्मा," तो म्हणाला, "थांबलं गं."

त्यानंतरचे काही दिवस तो निवांत झोपला, बायकोशी बोलला. "रांजन भरलाव का?" असं रोज विचारायचा. "भरलाय की," दानम्मा रोज खोटं सांगायची. शिवम्मा पाठ फिरवून बसलेली असायची. सुनेशी तिनं बोलणंच टाकलं होतं.

मग ताप चढला, लघवी बंद झाली. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. एका दुपारी मलप्पा गेला. "तूच बसवलंस त्याला," एवढंच शिवम्मा बोलली. औसा येईपर्यंत दानम्माला ते शब्द डागत राहिले.

माळावर खड्डा खणला होता. मलप्पाला त्यात मांडी घालून बसवलं, डाव्या हातावर लिंग दिलं. मान सारखी खाली पडत होती. चुलतभाऊ बसवराज ती वर धरून मागं बेलाची पानं कोंबायला लागला.

"राहू द्या रे," काठावरून शिवम्मा म्हणाली. सगळे थांबले. म्हातारीनं चाचपडत सुनेचा हात धरला. "वाकू द्या त्याला. तसा बसला की दुखत न्हाई त्याला. दानम्मा, तूच सांग की गं ह्यांना."