जॅकखालची फळी

मी फौजेत होतो म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "किती शत्रू मारले?" एकही नाही. मी ड्रायव्हर होतो. पन्नासच्या दशकात माझं पोस्टिंग राजस्थानच्या वाळवंटात होतं आणि चौक्यांना पाणी, रेशन आणि जळण पोचवणं हे माझं काम होतं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे. तीन दिवस पाण्याशिवाय राहून बंदूक उचलून दाखवावी कुणी.

मी मोशीचा. इंद्रायणीच्या पात्रातून वडिलांची बैलगाडी लहानपणापासून पलीकडे नेली होती, त्यामुळे वाळू आपल्याला कळते अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात ती खोटी ठरली. नदीच्या वाळूला खाली तळ असतो. त्या वाळवंटातल्या टेकाडांना तळ नाही. चाक जागच्या जागी फिरलं की गाडी स्वतःचीच कबर खणते.

आमच्याकडे छोटा उघडा ट्रक होता. हल्ली त्याला पिकअप म्हणतील. एंजिनचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची दोन नुसती वळण्यापुरती. चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या आमच्या वाट्याला आल्या नव्हत्या. अशी गाडी वाळूत घालायची म्हणजे लंगडा बैल शर्यतीत उतरवायचा. तरी आम्ही ती घालत होतो, कारण युसूफ होता.

लान्स नायक युसूफ तांबोळी, ड्रायव्हर मेकॅनिक. चाकणचा. त्याच्या वडिलांचं बाजारपेठेच्या टोकाला बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचं दुकान होतं. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. एवढ्या लांब आपल्या गावाशेजारचा माणूस भेटला म्हणून मला रडू यायचं बाकी होतं. तो म्हणाला, "मोशीचा का? मग तुला गाडी येत नसणार. चल, शिकवतो."

त्यानं शिकवलं ते असं. वाळू लागण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. परत पक्क्या जमिनीवर आलं की हातपंपानं भरायची, कारण मडगार्डवर हवेचा आकडा रंगवलेला असतो आणि संध्याकाळच्या तपासणीत हवालदारसाहेब तोच आकडा मागतात. टेकाडावर सरळ चढायचं, सरळ उतरायचं. आडवी गाडी घातली की ती लोळलीच. चढावर थांबायचं नाही. एंजिन दमायच्या आधी खालचा गियर टाकायचा. दमल्यावर टाकला तर वेळ गेलेली असते.

हे शेवटचं मला जमत नव्हतं. मी उशीर करायचो. युसूफ शेजारी बसून बोटांच्या सांध्यांनी डॅशबोर्डवर ठोकायचा. ठोका आला की मी गियर टाकायचा. "तुझा कान एंजिनावर नसतो, गेनू. जेवणावर असतो," असं तो म्हणायचा. ते खरंही होतं.

त्या दिवशी आम्ही सकाळी लवकर निघून चौकीवर पोचलो. सकाळी वाळू गार आणि घट्ट असते, म्हणून फेरी नेहमी सकाळची. पाण्याची पिंपं उतरवायला आम्ही एक जाड फळी बाळगायचो. तीच फळी जॅकखालीही लागायची, कारण नुसत्या वाळूवर जॅक उभा राहत नाही. पिंपं उतरवली, जळणाच्या मोळ्या उतरवल्या, फळी मोळ्यांना टेकवून ठेवली. मग युसूफला दिसलं की मागच्या स्प्रिंगचा बोल्ट ढिला झालाय.

चौकीचा कुक आम्हाला बघून हरखला होता. आठवडाभरात नवीन तोंड दिसलं नव्हतं त्याला. त्यानं घाईघाईनं चूल पेटवली आणि दुधाच्या भुकटीचा, भरपूर साखरेचा चहा केला. आम्ही तो प्यालो. मग युसूफनं फळी मागितली. फळी नव्हती. आम्ही आणलेल्या जळणातलीच समजून कुकनं ती फोडून चुलीत घातली होती.

कुकचं तोंड उतरलं. युसूफ हसला. "असू दे, बाबा. पाच मिनिटांचं काम हाय." त्यानं बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं झाकण जॅकखाली घातलं. मी म्हणालो, "युसूफभाई, पत्रा सरकंल."

"एवढ्याला न्हाई सरकत. तू पाना दे."

बोल्ट आवळून झाला होता. युसूफ गाडीखालून बाहेर सरकत असताना पत्रा एका बाजूनं वाळूत घुसला आणि जॅक निसटला. गाडी त्याच्या कमरेवर बसली. दहा-बारा जवानांनी ती हातांवर उचलली आणि मी त्याला ओढून काढलं. अंगावर रक्त फारसं नव्हतं. मला तेच बरं लक्षण वाटलं. चौकीवर औषधपाणी बघणाऱ्या नर्सिंग ऑर्डर्लीला तसं वाटलं नाही.

चौकीच्या सुभेदारसाहेबांनी वायरलेस लावायला सांगितला.

"एक कॅज्युअल्टी. सीरियस. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"ॲम्ब्युलन्स रेत में नहीं आ सकती. पक्की सडक पर मिलेगी. वहाँ तक लाओ. आउट."

चौकी आणि सडक यांच्यामध्ये तीन मोठी टेकाडं होती. ऊन चढलं होतं आणि वाळू सुटी झाली होती. सुभेदारसाहेबांनी ऑर्डर्लीला विचारलं, "शाम तक रुक सकते हैं?"

"नहीं, साब. शाम तक ये नहीं रुकेगा."

साहेब माझ्याकडे वळले. "ले जाओगे?"

"ले जाऊँगा, साब." त्या वाळूत मी एकट्यानं कधी गाडी काढली नव्हती.

युसूफला मागे गाद्यांवर निजवलं, डोकं केबिनकडे. ऑर्डर्ली त्याच्याजवळ बसला. कुक गाडीपाशी उभा राहून रडत होता. युसूफनं मला जवळ बोलावलं.

"गेनू, त्याला कुणी काय बोलू नका. चहा चांगला झाला हुता."

"व्हय."

"आन वाळूत थांबू नको. मी वरडलो तरी न्हाई. थांबलास तर दोघं हितंच ऱ्हाऊ."

मी हवा कमी केली, टायरवर बुटाची टाच दाबून बघितली आणि निघालो.

चढ घ्यायला वेग लागतो आणि वेगानं गाडी आदळते. हळू जावं तर रुतते. प्रत्येक आदळ्याला मागून त्याचं कण्हणं ऐकू यायचं आणि माझा पाय आपोआप ब्रेककडे जायचा. मी तो परत ॲक्सिलरेटरवर आणायचो. पहिल्या टेकाडाच्या निम्म्यावर केबिनच्या पत्र्यावर मागून ठोका आला. क्षणभर वाटलं, थांब म्हणतोय. मग एंजिनचा आवाज ऐकला. ते दमायला लागणारच होतं. मी गियर टाकला. गाडी वर निघाली.

दुसरं टेकाड जास्त उभं होतं. ठोका वेळेवर आला, पण हलका. गियर टाकला. माथ्यावर मागची चाकं नुसतीच फिरायला लागली, वाळू उडाली, आणि गाडी कशीबशी पलीकडे कलली. मी मोठ्यानं ओरडलो, "युसूफभाई, दोन झाली!" उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता.

तिसऱ्या टेकाडाला लागलो. निम्म्यावर आलो. एंजिनचा आवाज जाड व्हायला लागला. मी ठोक्याची वाट बघितली. ठोका आला नाही.

मी माझ्या कानानं ऐकून गियर टाकला. वेळेवर पडला. गाडी चढली, सरळ उतरली आणि पक्क्या सडकेवर ॲम्ब्युलन्सशेजारी उभी राहिली. मी खाली उतरलो नाही. ऑर्डर्ली खिडकीशी आला आणि त्यानं नुसती टोपी काढली. आयुष्यात मी एवढी चांगली गाडी कधी चालवली नव्हती आणि ते सांगायला ज्याच्याकडे जावं तो मागे गाद्यांवर निपचित पडला होता. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी रडलो. कुणी मला उठवलं नाही.

त्याला तिकडच्याच कब्रस्तानात दफन केलं. पुढच्या रजेत मी मोशीला घरी पिशवी टाकली आणि सायकलनं चाकणला गेलो. त्याचे वडील भट्टीपाशी बसले होते. भट्टी विझलेली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मधी कुठं थांबला हुतास का?"

"न्हाई, चाचा. त्यानंच सांगितलं हुतं."

"मग बरं केलंस." त्यांनी पुढे विचारलं, "फळी कुणी जाळली?"

"नाव ध्यानात न्हाई, चाचा."

नाव ध्यानात होतं. आजही आहे. इथेही ते लिहिणार नाही.

चाचा उठले. कोपऱ्यातल्या ढिगातून त्यांनी बाभळीची एक जाड फळी काढली. भट्टी पेटवली. माझ्या हाती भाता दिला. धावेच्या लोखंडाचे दोन तुकडे तापवून त्यांनी फळीच्या दोन्ही टोकांवर वाकवले आणि खिळे ठोकले. मग फळी माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "लोखंड ठोकलेलं लाकूड चुलीत कोण घालत न्हाई. घिऊन जा."

मी ती वाळवंटात नेली. बाकीच्या ड्रायव्हरांनी बघितली, कारण विचारलं, आणि हळूहळू आमच्या प्लॅटूनच्या सगळ्या फळ्यांना लोखंडी पट्ट्या आल्या. वर्कशॉपच्या हवालदारांनी विचारलं, "किसका आयडिया है?" मी म्हणालो, "तांबोळी का, साब."

लढाईत पडलेल्यांची नावं दगडावर कोरतात. गाडीखाली सापडलेल्याचं कुणी कोरत नाही, आणि मला त्याचा राग आहे. युसूफमुळे त्या चौकीला पाणी मिळत होतं. म्हणून इथे लिहून ठेवतो: लान्स नायक युसूफ तांबोळी, राहणार चाकण.

फौज सुटली, पिंपरीच्या कारखान्यात गाडी चालवली, तीही नोकरी संपली. फळी अजून माझ्याकडे आहे. तिच्यावरून जॅक कधीही सरकला नाही.