गंजीची सावली

डोणगावच्या आमच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर मुलांचं चित्र नीट बघायच्या आधीच ओरडायचे, "उजेड कुठून येऊन राह्यला, थे सांग!" पोरांनी त्यांचं नाव उजेड मास्तर पाडलं. घराणं मोहरमचे ताबूत रंगवणाऱ्यांचं. विलायती चित्रकला मात्र एका जुन्या, पानं सुटलेल्या पुस्तकातून शिकलेली. बाजारात वांग्यांच्या टोपलीशी थांबून मला म्हणायचे, "पाहा बाई, हे स्टिल लाइफ." मी मराठी शिकवणारी, मला हसू यायचं, पण ऐकायला आवडायचं.

इम्प्रेशनिझम या विलायती चित्रशैलीवर त्यांचा फार जीव. पुस्तकात गवताच्या गंजीचं एक चित्र होतं. "चित्रकार उन्हात बसून डोयाले दिसलं थेच काढे," असं सांगायचे आणि सावली काळीच भरायला लावायचे. माळ्याच्या सुमननं एकदा ती जांभळी भरली. "जांभळी सावली कुठं पाह्यली वं?" म्हणत त्यांनी वर्गासमोर तिचा कागद फाडला. तिनं पुन्हा ब्रश हातात धरला नाही. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

पुढे नोकरीत कायम करण्यासाठी आम्हा दोघांना बुलढाण्याला मुलाखतीला बोलावलं. मास्तरांची ही शेवटची संधी. हुकली की नोकरी गेली, आणि घरी तीन लेकरं. एस.टी.त ते सारखी शैलींची नावं पुटपुटत होते, "गॉथिक, बरोक, क्युबिझम..."

मास्तर आत, मी बाहेरच्या बाकावर; दार उघडं होतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी एक रंगीत छापील चित्र पुढे सरकवलं. तेच, गंजीचं!

"शैली कोणती?"

"इम्प्रेशनिझम."

साहेबांनी कागदावर खूण केली. सुटले बाई एकदाचे, असं मी मनात म्हणते तोवर बघते, तर मास्तरांची नजर चित्रावरून हलेना.

"साहेब, हे सावली जांभळी हाय."

"बरं, मग?"

"माह्या पुस्तकातले फोटू काळे-पांढरे. अकरा वर्सं मी पोरायले काळी शिकवली."

साहेबांचं पेन थांबलं. "अकरा वर्षं चुकीचं शिकवलंत?"

"हाव, साहेब."

परतीच्या गाडीत मी भडकलेच. "अहो, तोंड मिटून उठला असतात तर काय बिघडलं असतं? लेकरांचा तरी विचार करायचा!"

ते खिडकीबाहेर झाडांच्या सावल्या बघत राहिले. मग म्हणाले, "थे पोरगी बरोबर होती, बाई."

कायम झालेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. महिन्याभरात ते बिऱ्हाड घेऊन कुठल्याशा गावी दुकानांच्या पाट्या रंगवायला गेले. पुन्हा भेट झाली नाही.

बऱ्याच वर्षांनी बुलढाण्याच्या स्टँडवर सुमन भेटली. तिचं सासर वरवट बकालचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"बाई, मास्तर आले होते माह्या सासरी. नोकरी गेली तवाच. अंगणात उभ्या उभ्या म्हणाले, 'सुमन, तुहं बरोबर होतं. मीच चुकलो.' चहासुद्धा नाही घेतला."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? मले तं रडूच आलं. माहेरी नाही, सासरी नाही, 'तुहं बरोबर होतं' असं मले म्हणणारे थे एकटेच, बाई."