पाटावरचा बॅकअप

बोरगाव मेघेतल्या एका बियाणे कंपनीत मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी आणि कंत्राटावरच्या एक ताई, एवढंच मनुष्यबळ. त्यामुळे प्रमुखपणाचा थाट विचारू नका. ताईंना दिवाळीनंतर कायम करू, असं साहेब दर दिवाळीआधी सांगत. यंदा मात्र खरंच कागद तयार होता, सहीच काय ती बाकी होती. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. त्या सहीपायी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

त्याच सुमारास साहेब पुण्याच्या कुठल्याशा परिषदेला जाऊन आले ते घाबरूनच. आता म्हणे कंपनी लुटायला माणूस लागत नाही. एआय आपणहून माग काढतो, मेल लिहितो, आत शिरतो आणि सगळं कुलूपबंद करून खंडणी मागतो. झालं, त्याला अडवायला दुसरा एआय विकत घेतला. तो बसवायला आलेले टायवाले म्हणाले, आता निवांत झोपा. साहेबांनी ते फारच मनावर घेतलं. बॅकअपची डिस्क रोज काढून ठेवू, जोडलेली राहिली तर हल्ल्यात तीही जाईल, असं मी सांगून पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि डिस्क जोडलेलीच ठेवायची असं बजावलं.

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात अवजारांची पूजा होते. वजनकाटा, पाने-पक्कड, गाडीच्या चाव्या, सगळं पाटावर मांडतात. मी त्या दिवशीच घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो, दसऱ्यापर्यंत मुक्काम तिथेच होता. सर्व्हर काही पाटावर मावेना, म्हणून ताईंनी त्याच्या वतीने बॅकअपची डिस्क काढून ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजेतल्या अवजाराला दसरा होईस्तोवर कामाला लावत नाहीत, म्हणून डिस्क तिथेच राहिली.

दसऱ्याला सकाळी साहेबांना मेल आली. कोणत्यातरी संस्थेने त्यांना ‘बीजसम्राट’ ठरवलं होतं, आणि मजकुरात त्यांच्या भाषणांतली वाक्यं जशीच्या तशी पेरलेली होती. हल्लेखोर एआयने साहेबांची सगळी भाषणं वाचली होती. अख्ख्या जिल्ह्यात एवढी सहनशक्ती दुसऱ्या कोणात नव्हती. आमच्या रक्षक एआयनेही मेल बिनधोक ठरवली. बीजसम्राटांनी निमंत्रणपत्रिका उघडली आणि एकामागून एक सगळे संगणक बंद पडले.

मी नागपूरहून तसाच परत आलो. बियाण्यांच्या तपासणीच्या सगळ्या नोंदी गेल्या होत्या, आणि डोंबलाच्या त्या रक्षकाचा दिवा मात्र हिरवागार. तेवढ्यात पाटाकडे लक्ष गेलं. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. दाराशी ताई उभ्या होत्या, चेहरा पार उतरलेला.

“सर, माह्या हातून काही बिघडलं का?”

मी म्हटलं, “ताई, तुमच्यामुळेच वाचलो.”

संगणक पुसून नव्याने उभे केले, डिस्कवरून नोंदी परत आणल्या. पाठोपाठ टायवाले आले आणि अहवाल देऊन गेले. त्यांच्या प्रणालीने उत्तम कामगिरी बजावली, डेटा सुखरूप राहिला. त्रुटी एकच, कर्मचाऱ्याने परवानगी न घेता डिस्क काढली. ‘बीजसम्राट’ हा शब्द अहवालात कुठेच नव्हता.

साहेबांनी मला बोलावलं. ताईंना आता कायम करता येणार नाही, आणि महिनाअखेर कंत्राटही संपवायचं, हे त्यांनी चहा ढवळत सांगितलं. माझं डोकंच सणकलं. चोराला आत तुम्ही घेतलं, वाचवलं त्या बाईने, आणि घरी तिने बसायचं? असं मी तोंडावर बोललो. वाटलं, आता माझंही काही खरं नाही.

साहेब रागावलेसुद्धा नाहीत. “डेटा वाचला, मान्य. पण असं चालू देलं तर उद्या कोणीही न विचारता काहीही वाचवत बसन.”

मी उठून बाहेर आलो. ताई बाकावर बसल्या होत्या. मला पाहताच पदर सारखा करून उभ्या राहिल्या, हसल्या.

“झाली का सर, सही?”