मोठ्या आत्याच्या तीन वाट्या

भूक लागली म्हणून जेवायला बसणं आणि पोट भरलं म्हणून उठणं, ही दोन साधी कामं तुम्ही एकाच दिवशी शेवटची कधी केली होती? विचार करून उत्तर द्या, घाई नाही. माझी मोठी आत्या गेली चार वर्षं ती रोज करते आहे, आणि म्हणूनच अख्ख्या भंडारा जिल्ह्यात तिच्याइतकं धाडसी माणूस मी पाहिलेलं नाही. मोर्चे मी पुष्कळ पाहिले आहेत. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात घर गेलेली म्हातारी माणसं साहेबाच्या टेबलावर मूठ आपटताना पाहिली आहेत, आणि त्यांच्या बाजूने पत्रकं लिहिताना माझी बोटंही काळी झाली आहेत. त्यांच्यापुढे मी मान झुकवतो. पण ती माणसं वर्षातून चारदा लढतात. आत्या दिवसातून दोनदा लढते, आणि तेही पाटावर बसून, डाव्या हाताशी पाण्याचा गडवा ठेवून.

आत्या आंधळगावची. घरात कोशाच्या रेशमी साड्यांचं विणकाम, आणि माग तो जुना, खड्ड्याचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जमिनीत मांडीइतका खोल खड्डा असतो, विणणारा त्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो आणि खाली पायांनी पावड्या दाबत वर हातांनी धोटा फेकतो. आत्या पंधराव्या वर्षापासून तिथे बसते. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच जागेला तिने कधी 'माझी' म्हटलेलं नाही. ती पंचेचाळिशीची असताना एका सकाळी त्या खड्ड्यात गेली आणि वर येईना. पुढे कापड गुंडाळायचं लाकूड, मागे भिंत, आणि मधे पंच्याण्णव किलोची आत्या. तिचे यजमान, म्हणजे आमचे फुफाजी, शेजारचे एक गृहस्थ आणि साडी न्यायला आलेला व्यापारी अशा तिघांनी मिळून तिला बाहेर काढलं. व्यापारी जाताना म्हणाला, "साडी तर बाई हलकी बनवता तुम्ही." आत्याने त्याला दोन वर्षं साडी दिली नाही.

एवढं वजन आलं कुठून, हे मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "मी जेवतच नव्हती बापू. मी भांडे रिकामे करत होती." हे वाक्य मी आजवर छापलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा मोठं आहे. तिच्या घरात आधी पुरुष जेवत, मग मुलं, मग आलेगेले, आणि दुपारी तीनला चुलीपुढे उभ्या उभ्या आत्या कढईतलं उरलेलं, मुलांच्या ताटातलं टाकलेलं आणि सकाळचा खाली लागलेला भात संपवी. अन्न वाया जाऊ नये म्हणून. तीस वर्षांत एक जेवण बसून न जेवता तिने पंच्याण्णव किलो केले होते. त्या काळात मी स्त्री-पुरुष समतेची पत्रकं वाटून थेट तिच्याकडे जेवायला जात असे आणि पहिल्या पंगतीत बसून तिसऱ्यांदा भात मागत असे. हे इथे लिहून ठेवणं मला भाग आहे.

खड्ड्यातल्या त्या प्रकारानंतर तिने दीड वर्षात वजन उतरवलं. सकाळी तलावापर्यंत चालायचं, तळलेलं कमी करायचं, आणि उभं राहून घासही तोंडात टाकायचा नाही. गावाने वाहवा केली, आणि तिथेच घात झाला. उतरण्याची तिला चटक लागली. पासष्ट झाले तरी ती थांबेना. भात एक मूठ झाला, मग अर्धी मूठ, मग नुसती पेज. केस गळू लागले, धागे तुटू लागले, कारण पावडी दाबायला पायांत जोर नव्हता. जी माणसं पूर्वी तिला "कमी खा वो बाई" म्हणत, तीच आता "टीबी तर नाही ना?" म्हणून विचारू लागली. आणि एका भर दुपारी ती विणता विणता खड्ड्यात घसरली. ज्या खड्ड्यातून तिला काढायला तिघं लागले होते, त्यातून फुफाजींनी तिला एकट्याने उचललं. त्या हलकेपणाने ते इतके घाबरले की दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रॉलीभर मुरूम आणून अंगणात टाकला. म्हणाले, "आता एकदा पडलीस तर खड्डा बुजवून टाकतो. माग मोडतो. मले बायको पाहिजे, साड्या नाही पाहिजे."

आता आत्याची कोंडी बघा. वजन वाढलं तर खड्ड्यात मावायची नाही, आणि घटलं तर तिथेच पडायची. दोन्हीकडून माग जाणार. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "उतरवायचं काम संपलं. आता जागेवर ठेवायचं. आणि जागेवर ठेवायला खावं लागतं." आत्याने ते एखाद्या शपथेसारखं घेतलं. घरी येऊन फुफाजींना तिने धानाच्या भाषेत समजावलं, "माह्या बांधीले दोन धुरे हायेत. इकडे त्रेसष्ट, तिकडे सहासष्ट. पाणी धुऱ्यावरून जाऊ द्याचं नाही, अन् बांधी सुकू बी द्याची नाही." बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि धुरे म्हणजे त्याचे बांध; फुफाजी जन्माचे विणकर असले तरी दोन एकर धान करणारे. त्यांना ते लगेच कळलं. मुरूम मात्र त्यांनी हलवला नाही.

तेव्हापासून आत्याचं जे चाललं आहे ते पाहून लोक हसतात आणि मी थक्क होतो. तिच्याकडे एक पितळी वाटी आहे. दोन्ही वेळा त्या वाटीने तीन वाट्या भात, दोन वाट्या लाखोरीचं किंवा तुरीचं वरण, भाजी हवी तेवढी, आणि एक अंडं किंवा मासोळी. चौथी वाटी नाही, पण अडीचही नाही. ही वाटी पिशवीत घालून ती लग्नांना जाते. मोहाडीच्या एका लग्नात वाढणाऱ्याने, ही बाई वजनाचं पथ्य करते असं कुणाकडून तरी ऐकून, कौतुकाने वाटी अर्धीच भरली. आत्या वाटी पुढे धरून तशीच उभी राहिली. मागे रांग खोळंबली. "पुरी भर गा," ती शांतपणे म्हणाली, "मी उपाशी राहाले नाही आली." एकादशीला भजनाच्या बायका तिला उपासाला ओढायला आल्या तर म्हणाली, "आज नाही खाल्लं का उद्या हात डब्यातच जाते वो. देवाले सांगून ठेवलं मी, माह्यासाठी तू दुसरं काही काम पाहून ठेव." साडेअकरा वाजले की ती ताट घेऊन बसते, मग समोर कुणी बसलेलं असो. कढईत उरलेलं असतं त्याकडे ती बघतही नाही. ते आता फुफाजी संपवतात, आणि त्यांचं पोट जरा पुढे आलं आहे.

दर रविवारी सकाळी ती राईस मिलवर जाते आणि पोती मोजायच्या काट्यावर उभी राहते. घरी मशीन आणून देतो म्हटलं तर नको म्हणाली. घरच्या मशीनवर दिवसातून दहादा चढेल अशी तिला भीती. मिलमधला हमाल काटा बघून सगळ्यांदेखत ओरडतो, "आत्याबाई, चौसष्ट. माल बरोबर आहे." बासष्ट भरले तर आत्या चिंतेने घरी येते आणि तीन दिवस भाजीत दाण्याचा कूट वाढवते. सदुसष्ट भरले तर तळण बंद आणि तलावाला दुसरा फेरा. तीन वाट्या दोन्ही वेळेस त्याच. हा तिचा कायदा.

गेल्या दिवाळीनंतर या कायद्याची परीक्षा झाली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आज या गावी, उद्या त्या. ज्या गावची मंडई असेल तिथल्या प्रत्येक घरी पाहुणे, आणि पाहुण्याने एकाच घरी खाऊन भागत नाही. आत्याची मुलगी बपेऱ्याला दिली आहे. मी आत्याला मोटरसायकलवर घेऊन गेलो. तीन दिवसांत अकरा घरं झाली. प्रत्येक घरी चकल्या, लाडू, पोहे, दुपारी मटण. विहीणबाई म्हणाल्या, "काहून वो, आमच्या हातचं गोड नाही लागत का? हाडं दिसून राहिले तुमचे." आत्या म्हणाली, "लागते ना, एक लाडू देजा. दुसरा दिला तर तुमच्याच पोराले देईन." आणि साडेअकराला, पुरुषांच्या पहिल्या पंगतीच्या टोकाला, ती वाटी घेऊन बसली. व्याही थोडे खाकरले. मग त्यांनी स्वतः उठून तिला भात वाढला, आणि मोजून तीन वाट्या.

परत आलो त्या रविवारी मी तिच्याबरोबर मिलवर होतो. हमाल काट्याकडे बघून ओरडलाच नाही. हळू आवाजात म्हणाला, "सत्तर." आत्या खाली उतरली, पुन्हा चढली. सत्तर. परतीच्या वाटेवर मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला. पेजेच्या दिवसांतला होता तो. घरी आलो तर फुफाजींना तो चेहरा बघूनच कळलं. साडेअकरा वाजले. आत्या चुलीपुढे उभी. मी अंगणातल्या मुरमाकडे बघत होतो. त्यावर आत्याने दोडक्याचा वेल चढवलेला होता, पण वेल काढून टाकायला असा किती वेळ लागतो.

"आज भात कमी घे वाटल्यास," फुफाजी शेवटी म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता, आणि निघालं हे.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाट मांडला, वाटी घेतली, एक वाटी भात ताटात पालथा घातला. दुसरी घातली. तिसरी भरताना शितं जमिनीवर सांडली. ती तिने वेचून बाजूला ठेवली आणि वाटी पुन्हा काठोकाठ भरून घेतली. "कायदा आहे," ती म्हणाली. फुफाजींनी वरणाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. ती सावकाश, एकही शीत न सोडता जेवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही, कारण हात खरकटा होता. मी मोठमोठ्या सभांमध्ये उभा राहिलो आहे, पण त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात मला बसवेना, म्हणून मी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल सायकल हाणत आला. काट्याच्या मागच्या कडेवर कोंड्याच्या पोत्याचा कोपरा टेकला होता आणि ते त्याला उशिरा दिसलं. "तुम्ही पासष्टच आहा, आत्याबाई. माफी द्या." आत्याने त्याला तिथेच फैलावर घेतलं, "पोतं काय माह्या बापानं काढाव का? रातभर माह्या डोळ्याले डोळा नाही लागला." मग त्याला चहा दिला. फुफाजी त्याच दुपारी मुरूम टोपल्यांनी उचलून रस्त्यावरच्या खड्ड्यात टाकून आले. दोडक्याच्या वेलाला त्यांनी दुसरीकडे मांडव घालून दिला.

संध्याकाळी आत्या मागावर बसली होती, पाय खड्ड्यात सोडून. मी काठावर बसून विचारलं, "काल खरंच भीती वाटली होती?"

"कालची काय गोष्ट करतं," ती धोटा फेकत म्हणाली, "मले रोजच भेव लागते. पहिला घास भेवाचाच राह्यते बापू. दुसऱ्यापासून भाताचा."

मला वाटत होतं आत्या केव्हाच जिंकली. जिंकणं म्हणजे झेंडा रोवून घरी येणं, असं मला पत्रकांनी शिकवलं होतं. तिच्या लढ्याला तसा शेवटचा दिवस नाही. उद्या साडेअकराला पुन्हा तो पहिला घास आहे, परवाही आहे. तिच्या मागावर तिच्यानंतर बसायला कुणी नाही, तिची बोटंही आता थंडीत आखडतात, तरी ती स्वतःला तेवढंच राखते आहे जेवढं त्या खड्ड्यात बसायला आणि पावडी दाबायला लागतं. रस्त्यात भेटणारं निम्मं गाव तिला अजून रोज बारीक झाली किंवा सुटली असं ऐकवतं.

म्हणून वाचकहो, एक मागणं आहे. तुमच्याही घरात, आळीत, कामाच्या जागी कुणीतरी असेल, जिचं वजन उतरलं किंवा चढलं, आणि जी आज ताटापुढे जरा थबकेल. तुम्ही फक्त सरकून तिला शेजारी जागा करून द्या. गप्पा धानाच्या करा, पावसाच्या करा, हव्या तर माझी निंदा करा. पण तिचा पहिला घास उतरेपर्यंत तिच्या ताटाबद्दल एक शब्द बोलू नका.