ताईचं पान

गल्लीत सगळे त्याला चुकेभाऊ म्हणत. जुने सोफे उसवून नवं कापड चढवायचा त्याचा धंदा, आणि तोंडात कायम दोन-चार चुका, म्हणजे बारीक खिळे धरलेले. ‘ज्याच्या तोंडातच चुका, तो दुसऱ्याच्या काय काढणार,’ असं म्हणून तो कुठल्याही भांडणातून अंग काढून घ्यायचा.

त्याला लहानाचं मोठं केलं ते ताईनं, थोरल्या बहिणीनं. बाईची जीभ भारी तिखट. पण अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली, चेहऱ्याची डावी बाजू ओघळली. “यापुढे फार सुधारणा नाही,” डॉक्टर म्हणाले. चुकेभाऊनं नुसती मान हलवली. दुसरं करणार काय?

त्याच सुमारास वाचनालयानं गल्लीसाठी चित्रवह्या काढल्या. एक वही एका घरी काही दिवस राहायची, मग पुढच्या घरी जायची. आधीच्याच्या चित्रात पुढच्यानं भर घातली तरी चालेल असा नियम होता, कारण काम सगळ्यांचं मिळून. वही हाती आली तेव्हा चुकेभाऊनं कपाळाला हात लावला. रेक्झिनवर खडूनं रेघा मारण्यापलीकडे त्यानं आयुष्यात काही काढलं नव्हतं. पण दुपारभर खाटेशी नुसतं बसून राहणं जिवावर यायचं. त्यानं पेन्सिल उचलली.

सुरुवातीला ताईचा नुसता भोपळा व्हायचा. मग एकदा जमलं. ओठाचा लोंबता कोपरा, अर्धी मिटलेली पापणी, आणि उजवी भुवई मात्र तशीच वर चढलेली, ‘शहाणाच आहेस!’ म्हणणारी. त्यानं पान तिच्यापुढे धरलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग चांगल्या हाताचं बोट तिनं त्या भुवईवर टेकवलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच दोघांचं काहीतरी बोलणं झालं.

वही द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं ग्रंथपाल बाईंना विचारलं, “हे एवढं पान ठेवून घेऊ?”

“भाऊ, एकानं फाडलं की सगळेच फाडतील हो. प्रदर्शन होऊ दे, मग बघू.”

फोटो काढून ठेवावा हे त्याला सुचलंच नाही. वही पुढच्या घरी, निवृत्त मास्तरांकडे गेली.

प्रदर्शनाला तो धुतलेला शर्ट घालून गेला. ताईच्या पानापुढे ही गर्दी! वाट काढत तो पुढे सरकला आणि जागच्या जागी थिजला. ओठ सरळ झाले होते, हसत होते. दोन्ही डोळे टपोरे. भुवया अगदी एकसारख्या. गालांवर गुलाबी रंग.

“माझा हात लागलाय बरं का त्याला,” मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “तिला तसं बघवेना मला. म्हटलं, निदान कागदावर तरी बरी होऊ दे.” त्यांचे डोळे भरून आले होते.

नियमात बसणारं, मायेपोटी केलेलं. ओरडायचं तरी कुणावर? “तिची भुवई...” एवढंच चुकेभाऊ म्हणाला.

मास्तरांनी चित्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांचा चेहरा पडला. “थांबा. मी खोडतो, तुम्ही पुन्हा काढा.”

त्यांनी खरंच खोडलं. कागदाला लव फुटली, गुलाबी डाग तसाच राहिला. चुकेभाऊ पेन्सिल घेऊन बसला. भोवती माणसं उभी होती, सगळी त्याच्याच बाजूची. पण ताई समोर नव्हती आणि भुवई काही केल्या वर चढेना. चढली तर ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटे.

“राहू द्या मास्तर,” तो उठत म्हणाला. “छान दिसतेय.”

घरी ताईजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या. “केव्हाची काहीतरी मागतेय रे, मला मेलीला कळतच नाही,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

ताई घशातून एकच आवाज काढत होती. त्यानं पाणी पुढे केलं, तिनं तोंड फिरवलं. पंखा लावला, बंद केला. उशी उंच केली, काढून टाकली. “काय हवंय ताई? सांग ना गं!” आवाज थांबेना. शेवटी तो खाटेच्या कडेवर टेकला, आणि ती आपली आपण थकून गप्प होईपर्यंत तिचा हात धरून बसून राहिला.