आक्कांनी उघडलेलं दार

निलंग्याच्या आक्का संगणकाशी भांडत, आणि तेही मोठ्यानं. "कुऱ्हाड दिलीस ना हातात? मग तोडू दे की दार!" हे त्यांचं ओरडणं आमच्या लातूरच्या घराच्या फाटकापर्यंत ऐकू जाई. मुलांनो, तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण भिंतीकडे तोंड करून पडून होती. तुम्हाला माहीत नसलेल्या आक्का तुम्ही परत गेल्यावर सुरू झाल्या.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या आमच्याकडे होत्या. उठून बसा, वॉकर धरून चाला, नाहीतर पाय आखडेल, असं डॉक्टर बजावत. आक्का म्हणत, "चालून कुठं जायचंय? निलंग्याचं घर इकून टाका." ज्या घरात त्या एकट्या राजासारख्या राहत, ते विकायची भाषा ऐकून तुमचे आजोबा जेवत नसत.

तुमचा तो कोड्यांचा विलायती खेळ संगणकावर तसाच राहिला होता. चित्रातल्या वस्तूवर क्लिक केलं की ती पिशवीत येते, आणि योग्य जागी वापरली की पुढचं दार उघडतं. मी तो बंद करायला बसले, तर पलंगावरून आवाज आला, "थांबा वैनी, त्या फळीवर काय हाय?" पलंगावरून नीट दिसेना, म्हणून आक्का उठून खुर्चीत येऊन बसल्या. डॉक्टरांना जे जमलं नव्हतं, ते एका फळीनं केलं.

त्या खेळात घड्याळ पळत नाही, कुणी पाठीला लागत नाही. "दम धरतो बिचारा," आक्का म्हणत. "बसा म्हनलं तर बसून ऱ्हातो." त्याचे दोषही त्यांनीच काढले. मुंगीएवढी सुई शोधायला सगळं चित्र तांदळासारखं निवडावं लागे. एकदा पिशवीत कात्री असूनही खेळ सुतळी कापू देईना; ती उंदरानंच कुरतडायला हवी होती. "घरात कात्री असताना उंदराच्या पाया पडू का मी?" आक्कांनी माउस आपटला. पण दुपारी उंदराला चीज त्यांनीच घातलं.

शेवटी आम्ही खेळातल्या एका म्हातारीच्या दाराशी अडकलो. तुम्हीही तिथंच हात टेकले होते. म्हातारी खिडकीतून वाडगाभर सूप देते आणि दार लावून घेते. ते पुन्हा उघडतच नाही. सूप पिऊन झाल्यावर मी शिस्तीनं ते वाडगं विहिरीवर, चुलीवर, कुलपावर सगळीकडे लावून पाहिलं. आक्का बघत होत्या.

"वैनी, वाडगं कुणाचं?"

"म्हातारीचं. परतही देऊन पाहिलं. घेत नाही."

"रिकामं दिलं असंल!"

आक्कांनी माउस ओढून घेतला, झाडावरचे आलुबुखार वाडग्यात भरले आणि वाडगं खिडकीत ठेवलं. म्हातारी हसली. दार उघडलं.

"शेजारणीचं भांडं रिकामं परत करत्यात का कुठं?" आक्का कडाडल्या. "गोऱ्यांच्यात बी ही रीत हाय म्हनायची!" आणि एवढी मोठी बातमी घरात मावेना, म्हणून त्या तडक उठून अंगणात गेल्या. कुंपणापलीकडे आमच्या शेजारच्या खाला कपडे वाळत घालत होत्या.

"खाला, उघडलं दार! म्या उघडलं!"

"कौन-सा दरवाजा, आक्का?" खालांच्या हातातली ओढणी तशीच राहिली. "और तुम इत्ती दूर चलके आये?"

आक्कांनी खाली पायांकडे पाहिलं, मग मागं माझ्याकडे. वॉकर माझ्या हातात होता. तो घेऊन मीच त्यांच्यामागं धावले होते.

"हाव की," त्या म्हणाल्या. "तो ठिवून द्या आता माळ्यावर."

पुढच्या महिन्यात त्या निलंग्याच्या एसटीची पायरी स्वतः चढल्या, कंडक्टरनं पुढं केलेला हात बाजूला सारून. नंतरची सगळी वर्षं, अगदी शेवटपर्यंत, त्या आपल्याच घरात राहिल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दार स्वतः येऊन उघडत.